पथ्याच्या चिठ्ठीवर शिदोरी का नाही?

रुग्णास पथ्य सांगताना आपण वैद्य दोन वाक्ये फार सहज उच्चारतो. ‘शिळे खाऊ नका’ हे पहिले आणि ‘बाहेरचे खाऊ नका’ हे दुसरे. दोन्ही शास्त्रसंमत आहेत. त्यांविषयी वाद नाही. परंतु जो रुग्ण उद्या पहाटे मोटारीने पाचशे किलोमीटरच्या प्रवासास निघणार आहे, त्याच्या पानात या दोन वाक्यांनी मिळून काय शिल्लक राहते, याचा विचार प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षे केला नव्हता. तो करण्याची वेळ एका रुग्णेने आणली. तो प्रसंग येथे सांगतो, कारण त्यातील चूक सर्वस्वी माझी होती.

सदर रुग्णा सेवानिवृत्त शिक्षिका. अम्लपित्तासाठी त्यांचे माझ्याकडे उपचार चालू होते. मधुमेहाच्या गोळ्या त्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घेत. २०२३ च्या मे महिन्यात मुलाबरोबर नागपूरहून समृद्धी महामार्गाने शिर्डीस जायचे ठरले. पहाटे साडेपाचला त्यांनी नेमाने गोळी घेतली, सहाला गाडी निघाली. सुनेने आदल्या रात्री दशम्या आणि तिळाची चटणी करून घेतली होती. परंतु ‘वैद्यांनी शिळे वर्ज्य सांगितले आहे’ म्हणून बाईंनी डबा उघडला नाही. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, तेव्हा आरंभीच्या काळात त्यावर खानपानाची सोय तुरळकच होती. जी दिसली, ती ‘बाहेरची’ म्हणून टाळली गेली. सिंदखेड राजाच्या पुढे, साडेदहाच्या सुमारास, त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. सून सावध होती. सरबतासाठी घेतलेली साखर पाण्यात कालवून तिने पाजली आणि अनर्थ टळला. परत आल्यावर बाई मला एवढेच म्हणाल्या, “वैद्यराज, तुम्ही सांगितले होते अगदी तसेच केले हो.” ही तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ती अधिक लागली.

दशम्यांचा डबा सारा वेळ गाडीतच होता.

त्या रात्री मी चरकसंहितेचे सूत्रस्थान काढून आठवा अध्याय पुन्हा वाचला. सद्‌वृत्ताच्या उपदेशात आचार्यांनी पर्युषित अन्नाचा निषेध केला आहे, हे आपण सर्व जण विद्यार्थिदशेपासून जाणतो. पण त्याच वाक्यात अपवादही दिले आहेत, ते आपण परीक्षेनंतर विसरतो. मांस, हरितक, वाळलेल्या भाज्या, फळे आणि भक्ष्य पदार्थ हे त्या निषेधातून वगळलेले आहेत. भक्ष्य म्हणजे लाडू-अनरशांच्या जातीचे, चावून खाण्याचे पदार्थ. मांसाचा अपवाद मे महिन्यातील गाडीच्या डिकीस लागू करण्याचे धाडस मी करणार नाही. वाचकांनीही करू नये. परंतु उरलेली यादी पाहा. तिच्यात शुष्कता किंवा पक्वान्नाचा टिकाऊपणा हे सूत्र स्पष्ट दिसते. आचार्यांसमोर निव्वळ घड्याळ नव्हते. रात्र उलटून गेलेला ओला भात आणि रात्र उलटून गेलेला लाडू यांत त्यांनी भेद केला. आपण मात्र दोहोंना एकाच ‘शिळे’ शब्दात कोंबून रुग्णाच्या हाती दिले.

विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ विशेषायतने येतात. त्यांतील ‘करण’ म्हणजे संस्कार. जल, अग्नी, मंथन यांच्याबरोबरच काळाचे लोटणे आणि भाजन, म्हणजे ठेवण्याचे पात्र, यांनाही तेथे संस्कारांत स्थान आहे. याचा अर्थ असा की, डब्यात घालून ठेवलेला पदार्थ हा ‘काल केलेला’ एवढाच नसतो. त्याच्यावर काळाचा आणि डब्याचा संस्कार चालू असतो, आणि तो पदार्थागणिक निराळा असतो. गुळाची पोळी दुसऱ्या दिवशी मुरते आणि फोडणीचा भात दुसऱ्या दिवशी आंबतो. हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. शिदोरी हे स्वयंपाकघरातील एक शास्त्रच होते, केवळ ते कोणी संहितेत बांधले नाही. सुदाम्याने द्वारकेस नेले ते पोहे. खीर नेली नाही, यात दारिद्र्याबरोबर थोडा व्यवहारही असावा.

आधुनिक सूक्ष्मजीवशास्त्र याच भेदास दुजोरा देते. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात ओलसर शिजवलेल्या अन्नात जंतू झपाट्याने वाढतात. असे अन्न दोन तासांपेक्षा अधिक आणि बाहेरचा उष्मा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा अधिक उघड्या हवामानात ठेवू नये, अशी अमेरिकेच्या कृषी खात्याची सूचना आहे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत त्याहून कितीतरी अधिक तापते. या स्थितीत भाताविषयी विशेष सावध राहिले पाहिजे. बॅसिलस सेरिअस नावाच्या जंतूचे बीजाणू भात शिजतानाही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात आणि त्यांचे वांतिकारक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. ‘ढाब्यावर गरम करून घेऊ’ म्हणून सकाळचा मसालेभात दुपारपर्यंत नेणाऱ्यांना हे आपण सांगितले पाहिजे. बटाट्याची भाजी, ओल्या नारळाची चटणी, मोकळ केलेली उसळ, कांदा घातलेले सारण हे सर्व याच वर्गातले. हे खरे पर्युषित. यांच्याविषयी आपला निषेध जितका कठोर, तितका उत्तम.

पण ज्यातून पाणी काढून घेतले आहे, किंवा तूप-गुळाच्या पाकात जे बांधले आहे, त्याची जात वेगळी. आता अशा पदार्थांकडे थोडे बारकाईने पाहू, कारण रुग्णास ‘कोरडे काहीतरी न्या’ असे मोघम सांगितले की तो वेफर्सची पिशवी घेतो.

प्रथम सातू. संहितेतील सक्तू प्रामुख्याने जवाचे; आपल्याकडे घरोघरी होणारे सातूचे पीठ बहुधा गहू आणि डाळे यांचे असते. भाजणीमुळे ते लघू होते, महिनाभर टिकते, आणि वाटेत विस्तव लागत नाही. पाणी किंवा ताक आणि चमचाभर तूप मिळाले की काम झाले. ग्रीष्मात थंड, साखरयुक्त मंथ ऋतुचर्येतच सांगितलेला आहे. वर्षाऋतूत मात्र उदमंथ वर्ज्य, हेही तेथेच आहे. सक्तूंचे नियमही आचार्यांनी दिले आहेत: नुसतेच खाऊ नयेत, रात्री नकोत, जेवणावर नकोत, अति नकोत, दिवसातून दोनदा नकोत, मध्ये मध्ये पाणी पिऊन नकोत, दातांनी तोडून नकोत. रात्रीच्या बसला सातू बांधून देणाऱ्या वैद्याने हे ध्यानात ठेवावे. मधुमेही व्यक्तीस गुळाऐवजी जिरे-सैंधव घालून ताकातून द्यावे, इतकेच.

दुसरी दशमी. कणीक किंवा ज्वारीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवून केलेली ही पोळी, सोवळ्याओवळ्याच्या काळात प्रवासास चालणारे अन्न म्हणून रूढ झाली. पण तिचा खरा गुण असा की ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते आणि म्हाताऱ्या माणसाच्या दातांस सोसते. हिवाळ्यात दोन दिवस, उन्हाळ्यात एकच दिवस, हा माझ्या घरचा अनुभव आहे. मेथी-कोथिंबीर घातलेले धपाटे उन्हाळ्यात त्याच दिवशी दुपारपर्यंत संपवावेत. दशमी असो वा पोळी, ती पूर्ण निवल्याखेरीज डब्यात घालू नये. गरम पोळीवर झाकण लावले की वाफेचे पाणी होते आणि आपण हाताने केलेला कोरडेपणा आपणच मोडतो. सुती फडक्यात गुंडाळून मग डबा, ही जुनी रीत बिनतोड आहे. डबा डिकीत न ठेवता पायाशी, आतल्या गारव्यात ठेवावा.

मेतकुटाविषयी मला पक्षपात आहे, तो कबूल करतो. भाजलेली डाळ, तांदूळ, उडीद, गहू, आणि सुंठ, जिरे, धने, हिंग, हळद, मेथी. दीपन-पाचनाचे हे योगच आहेत. लाह्यांवर तूप-मेतकूट-मीठ घालून कालवले की लहान मूलही खाते. साळीच्या लाह्या तर आपल्या चिकित्सेत तृष्णा, छर्दी आणि अतिसारात सांगितलेल्या. घाटात ज्या मुलांना गाडी लागते, त्यांच्यासाठी लाह्या आणि आल्याच्या रसात मुरवलेली आवळ्याची सुपारी यांहून सोपे काही मला आढळले नाही. तीळ, जवस, कारळे यांच्या कोरड्या चटण्या आठवडाभर टिकतात, मात्र चमचा कोरडा हवा. सुके खोबरे घातलेली चटणी उन्हाळ्यात लवकर खवट होते. आमसुले तर गाडीत नेहमीच असावीत.

येथे एक आक्षेप सुज्ञ वाचकांच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. प्रवास स्वतःच वातकर. त्यात हे सारे पदार्थ रूक्ष. मग वातप्रकोप, मलावष्टंभ, आध्मान ठरलेलेच. हे खरे आहे, आणि शिदोरीचा हाच मोठा दोष आहे. म्हणून तुपाची लहान डबी आणि गरम पाण्याचा थर्मास हे शिदोरीचे अविभाज्य भाग मानले पाहिजेत. आहारविधिविधानात उष्ण आणि स्निग्ध हे पहिले दोन नियम आहेत. अन्न उष्ण नसेल तर निदान अनुपान उष्ण असावे, आणि स्नेह तर आपल्या हातात आहेच. कांस्याच्या भांड्यात दहा दिवस राहिलेले तूप वाग्भटाने वर्ज्य सांगितले आहे. तेव्हा आजीची कांस्याची वाटी हौसेने नेणाऱ्यांनी डबी स्टीलची घ्यावी.

पाण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. माझ्या स्त्रीरुग्णा लांबच्या प्रवासात पाणीच पीत नाहीत. महामार्गावर स्वच्छतागृह मिळेल की नाही, मिळाले तर कसे असेल, या धास्तीने त्या पहाटेपासून ओठ कोरडे ठेवतात. पुढे दोन दिवस मूत्रदाह, शिरःशूल आणि बद्धकोष्ठता घेऊन त्या आपल्याकडे येतात आणि आपण त्यांना वेगधारणाचे दुष्परिणाम समजावून सांगतो. नवेगान्धारणीय अध्याय त्यांना नव्हे, रस्ते बांधणाऱ्यांना वाचून दाखवला पाहिजे. असो. आपल्या हाती एवढेच आहे की, प्रवासाचा आराखडा विचारताना ‘कुठे थांबणार’ हेही विचारावे आणि खाणे व थांबणे एकत्र बांधून द्यावे. धावत्या गाडीत, बोलत, मोबाईल पाहत, घाईने खाल्लेली उत्तम शिदोरीही अपथ्यच. गाडी थांबवून, झाडाखाली बसून पंधरा मिनिटे खावे.

हल्ली चाकांवरील घर म्हणावे अशा गाड्यांनी हिंडण्याची हौस आपल्याकडेही रुजते आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. अशा गाडीत शेगडी असते, बहुधा लहान शीतकपाटही असते. तेथे प्रश्न सोपा होतो. घरून शिजवून न नेता, भाजून न्यावे. धुऊन, सावलीत वाळवून, कोरडे भाजलेले तांदूळ आणि मूगडाळ जिरे-हिंग-हळदीसह बरणीत भरले की वीस मिनिटांत ताजी खिचडी होते. थालीपिठाची भाजणी, कढीलिंब कुरकुरीत करून घातलेला फोडणीचा रवा, तांदळाची भाजलेली कणी हे सर्व याच प्रकारचे. शेगडी नसलेल्यांनाही कणीची पेया साधते. रुंद तोंडाचा थर्मास उकळत्या पाण्याने विसळून घ्यावा, उकळून शिजवलेली पातळ पेया फसफसत असतानाच त्यात भरावी आणि सकाळच्या पहिल्या थांब्याला, वाफ येत असतानाच संपवावी. कोमट झाली असेल तर ती टाकून द्यावी. येथे हळहळ उपयोगाची नाही.

कोणी म्हणेल, हे सारे गृहिणीच्या माथी मारणे आहे. प्रवासाच्या आदल्या रात्री सामान भरायचे, मुलांचे पाहायचे, आणि वर वैद्यराजांची दशमी! या आक्षेपावर माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. सातू, मेतकूट, भाजणी, चटण्या महिनाभर आधी होऊ शकतात आणि आज विकतही मिळतात. आदल्या रात्री करायचे ते फक्त पोळ्यांचे काम, आणि पोळी लाटण्यास पुरुषांचे हात अपात्र आहेत, असे कोणत्याही संहितेत वाचल्याचे मला स्मरत नाही. ज्यांना तेवढेही शक्य नाही, त्यांनी ढाब्यावर डोळ्यांदेखत तव्यावर भाजलेली भाकरी, तीबरोबर कोरडी चटणी किंवा भाजलेले दाणे आणि केळे खावे. ‘बाहेरचे’ हा शब्दही ‘शिळे’ इतकाच मोघम आहे. डोळ्यांसमोर विस्तवावरून उतरलेली भाकरी आणि काचेच्या कपाटात सकाळपासून कोमट होत बसलेला सामोसा, दोन्ही बाहेरचेच.

आणि आपण स्वतः काय करतो? काही वर्षांपूर्वी एका परिसंवादास आम्ही बत्तीस वैद्य एका बसने गेलो होतो. दुपारी तीनपर्यंत बसमध्ये विरुद्धाहारावर मोठी रसाळ चर्चा झाली. शिदोरी एकाजवळही नव्हती. चार वाजता बस थांबली तेव्हा मिसळीची पहिली थाळी कोणी उचलली, हे मी सांगणार नाही; तो वैद्य हा लेख लिहीत आहे.

माझी सूचना साधी आहे. पथ्यापथ्याची जी छापील चिठ्ठी आपण रुग्णास देतो, तिच्या मागील बाजूस प्रवासाचा एक रकाना असावा. त्यात रुग्णाची प्रकृती, ऋतू, प्रवासाचे तास आणि चालू औषधे पाहून दोन-तीन पदार्थ नावाने, प्रमाणासह आणि किती तास चालतील यासह लिहावेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी एक ओळ तांबड्या शाईने असावी: औषध घेतले की ठरलेल्या वेळी खाणे झालेच पाहिजे, मग ते शिळे असो वा बाहेरचे, घाम, कंप, गोंधळ वाटल्यास तीन चमचे साखर पाण्यातून त्वरित घ्यावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी, सावरल्यावर काही खावे आणि जवळचे रुग्णालय गाठावे, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय. गोळ्यांच्या वेळा किंवा मात्रा आपण आपल्या मताने बदलू नयेत. प्रवासाआधी त्या डॉक्टरांना विचारण्यास सांगावे.

गेली दोन वर्षे मी हा रकाना भरतो आहे. त्यास प्रत्येक रुग्णामागे चार-पाच मिनिटे अधिक लागतात आणि बाहेर बसलेल्यांची कुरकुर होते. पहिली चिठ्ठी अर्थातच त्या शिक्षिकाबाईंना दिली. त्यांनी ती लक्षपूर्वक वाचली आणि विचारले, “दशमीत दूध आणि मीठ दोन्ही असते. ते विरुद्ध नाही का?” मी त्यांना दशमी बिनमिठाची करून चटणीही मिठाशिवाय, गुळाचा खडा न घालता, आमसुलाबरोबर खाण्यास सांगितले, त्यांनी ते एकदा करून पाहिले आणि पुढच्या खेपेस सरळ ज्वारीची, पाण्यात भिजवलेली भाकरी बांधून नेली. अल्प प्रमाणात, अग्निसंस्कार होऊन, पिढ्यान्‌पिढ्या सात्म्य झालेल्या दूध-मिठाच्या या संयोगास विरुद्ध मानावे की नाही, यावर माझे मत अजून ठरलेले नाही. सभासद वैद्यांनी आपापले मत आणि रुग्णानुभव संपादकांकडे अवश्य पाठवावेत.